कोडिंग शिकणाऱ्या मुलासाठी कॉम्प्युटर घेताय? आधी क्रम नीट लावा

"मुलीला कोडिंग शिकायचंय, कुठला लॅपटॉप घेऊ?" हा प्रश्न कुठेही टाका, पाच मिनिटांत दहा मॉडेलची नावं येतात, त्यातली निम्मी गेमिंग लॅपटॉपची असतात, आणि मुलगी किती वर्षांची आहे हे एकानेही विचारलेलं नसतं. मग घरी येतं ते एकतर आठ वर्षांच्या पोरीला धड उचलता न येणारं जड धूड, नाहीतर 'मुलांसाठी खास' म्हणून खपवलेलं चिमुकलं मशीन जे थोड्याच दिवसांत अपडेटला जागा नाही म्हणून अडून बसतं.

हे होतं कारण लोक मशीनपासून सुरुवात करतात आणि मुलाचं काम नंतर त्यात कोंबायला बघतात. उलटं करा. आधी मूल काय करणार ते, मग त्याला लागणारं सॉफ्टवेअर, मग ते कुठल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर (विंडोज, मॅक वगैरे) चालतं ते, आणि मशीन सगळ्यात शेवटी. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत, मधला एखादा गाळून पुढे जाऊ नका, विशेषतः दुसरा, कारण तो सगळेच गाळतात.

टप्पा १: कागदावर सॉफ्टवेअरची नावं लिहा

'कोडिंग' हा शब्द कागदावर चालणार नाही. त्यातून काहीच कळत नाही. स्क्रॅच (यात रंगीत ब्लॉक जोडून कोड करतात), पायथन (टाइप करून लिहायची भाषा), मायक्रोबिट (कोडने चालवायचा छोटा सर्किट बोर्ड), रोब्लॉक्स स्टुडिओ (गेम बनवायला), अँड्रॉइड स्टुडिओ (मोबाईल ॲप बनवायला) अशी नावं हवीत. मूल क्लासला किंवा शाळेत शिकत असेल तर तिथल्या सरांना किंवा मॅडमना तीन गोष्टी विचारा. कुठलं सॉफ्टवेअर वापरता, ते ब्राउझरमध्ये चालतं की इन्स्टॉल करावं लागतं, आणि पुढच्या वर्षी काय शिकवणार. "कुठला लॅपटॉप घेऊ" हे त्यांना विचारू नका, ते स्वतः वापरतात त्याचं नाव सांगतील आणि त्यांचं काम वेगळं असतं.

क्लास वगैरे नसेल, घरीच शिकायचं असेल, तर वयावरून साधारण अंदाज येतो.

पाच ते सात वर्षांचं मूल असेल तर स्क्रॅचज्युनियर, ते टॅबलेटसाठीच बनवलेलं आहे. या वयात कॉम्प्युटर घेऊच नका. घरातला टॅबलेट द्या आणि हा लेख दोन वर्षांनी वाचा.

आठच्या पुढे स्क्रॅच. हे ब्राउझरमध्ये चालतं, त्याचं ऑफलाइन ॲपही मिळतं, आणि त्याला फार ताकद लागत नाही. मात्र माउस लागतो. ब्लॉक उचलून दुसऱ्या ब्लॉकला नेमका चिकटवायचा हे टचपॅडवर लहान बोटांना भयंकर वैतागवाणं होतं आणि मूल कंटाळलं की आपल्याला वाटतं त्याला कोडिंगच आवडत नाही. साधा वायरवाला माउस लावा, फरक लगेच दिसेल.

अकरा-बारापासून पायथन, वेबपेज, मायक्रोबिटसारखे छोटे बोर्ड. इथे टायपिंग सुरू होतं, म्हणजे कीबोर्डला महत्त्व येतं. चौदाच्या पुढे मुलांच्या वाटा वेगळ्या होतात, कोणी सी प्लस प्लस करतं, कोणाला मोबाईल ॲप बनवायचं असतं, कोणाला गेम. खरा जोरदार कॉम्प्युटर लागला तर इथे लागतो, आणि तोही सगळ्यांना नाही.

वय हा फक्त अंदाज आहे बरं का, नऊ वर्षांची पायथन लिहिणारी मुलं असतात आणि पंधराव्या वर्षी स्क्रॅचपासून सुरू करण्यातही काही वावगं नाही.

*तपासा:* कागदावर निदान एक सॉफ्टवेअरचं नाव आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका. आणि पाच वर्षांनी मूल काय करेल त्याची यादी करत बसू नका, आत्ताचं आणि पुढच्या दीड-दोन वर्षांचं पुरे.

टप्पा २: घरात जे मशीन आहे ते आधी चालवून बघा

कपाटात पडलेला जुना लॅपटॉप काढा, चार्जिंगला लावा. स्क्रॅच आणि पायथनसाठी बहुतेक वेळा तो पुरतो, किंवा थोड्या डागडुजीने पुरायला लागतो.

आधी त्याच्यात काय आहे ते बघा. विंडोज असेल तर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सवर जा. तिथे मेमरी म्हणजे रॅम किती, किती स्लॉट वापरलेत, आणि डिस्कच्या खाली एसएसडी (नव्या प्रकारची वेगवान डिस्क) लिहिलंय की एचडीडी (जुनी फिरती हार्ड डिस्क) हे सगळं दिसतं.

एचडीडी असेल तर मशीन हळू असण्याचं कारण बहुधा तेच आहे. फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की तोच लॅपटॉप ओळखू येत नाही. जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा अडीच इंची साटा डिस्क असते, त्याच मापाची एसएसडी बसते. रॅम ४ जीबी असेल आणि स्लॉट रिकामा असेल तर ८ करून घ्या. ही दोन कामं कुठलाही रिपेअरवाला पटकन करून देतो, नवीन मशीनच्या मानाने खर्च कितीतरी कमी.

*सावधान:* डिस्क बदलायच्या आधी जुन्या डिस्कवरचे फोटो, कागदपत्रं दुसरीकडे कॉपी करा आणि ती कॉपी उघडून बघा. नुसतं 'कॉपी झालं' वर विश्वास ठेवू नका.

आता विंडोजचा प्रश्न. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतं आणि प्रोसेसर साधारण इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढचा लागतो, त्यामुळे बरेच धडधाकट लॅपटॉप बाहेर पडले. असा लॅपटॉप असेल तर फेकू नका, लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) टाका. तिच्या प्रकारांपैकी लिनक्स मिंट किंवा लुबंटू ही सुरुवातीला बरी. टाकायच्या आधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह चालवून बघता येतं, डिस्कला हातही लागत नाही, फक्त चुकून 'इन्स्टॉल' दाबू नका. लाइव्ह असताना वायफाय, आवाज, टचपॅड आणि झाकण बंद करून उघडल्यावर मशीन जागं होतं का एवढं बघून घ्या. पेन ड्राइव्हवरून सगळं जरा हळू चालतं, त्यावरून मत बनवू नका.

मशीन चालू झालं की खरी परीक्षा घ्या आणि ती मुलाच्या कामाचीच घ्या. ब्राउझरमध्ये स्क्रॅच उघडा. एक स्प्राइट (पडद्यावरचं पात्र, सुरुवातीला मांजर असतं) घ्या, 'फॉरएव्हर' ब्लॉकच्या आत 'क्रिएट क्लोन' टाका, म्हणजे एकाच मांजराच्या ढिगाने प्रती व्हायला लागतात (त्या एकावर एक बसतात म्हणून दिसतं एकच मांजर, आणि स्क्रॅच ३०० क्लोनवर थांबवतं). शेजारच्या टॅबमध्ये एक शिकवणीचा व्हिडिओ चालू ठेवा, कारण मूल प्रत्यक्षात असंच शिकतं, व्हिडिओ थोडा बघायचा, थांबवायचा, स्क्रॅचमध्ये करायचं, परत व्हिडिओ. आता या दोन टॅबमध्ये ये-जा करा आणि टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा टक्का बघा. लिनक्सवर सिस्टिम मॉनिटर नावाने तेच असतं.

*तपासा:* टॅब बदलल्यावर पडदा पांढरा होऊन दोन-तीन सेकंद अडकत नसेल आणि मेमरी ८५ टक्क्यांच्या खाली राहत असेल तर तुम्हाला नवीन कॉम्प्युटर लागत नाही. माउस घ्या, सरळ टप्पा ७ वर जा.

टप्पा ३: ऑपरेटिंग सिस्टिम ठरवा

नवीन किंवा वापरलेलं घ्यायचंच ठरलं तर आता पहिल्या टप्प्यातला कागद समोर ठेवा. प्रत्येक नावापुढे ते कशावर चालतं ते लिहायचं.

विंडोज हा कमी डोकेदुखीचा पर्याय, जवळपास सगळं चालतं आणि अडलं तर मदत करणारं कोणीतरी सापडतंच. मॅकही छान आहे. आयफोनसाठी ॲप बनवायचं असेल तर एक्सकोड लागतं आणि ते फक्त मॅकवर चालतं, पण बारा वर्षांच्या मुलाने "मला आयफोनचं ॲप बनवायचंय" म्हटलं म्हणून लगेच मॅक घेऊ नका, आधी त्याला एक साधा पायथनचा खेळ पूर्ण करू द्या. लिनक्सवर पायथन, वेब, सी प्लस प्लस सगळं उत्तम होतं, स्क्रॅच ब्राउझरमधून चालतं.

क्रोमबुकबद्दल मात्र नीट समजून घ्या. स्क्रॅच आणि मायक्रोबिटचं मेककोड (ब्राउझरमध्ये चालणारा कोड एडिटर) त्यावर मस्त चालतं, पायथनसाठी त्यात लिनक्सचा भाग चालू करता येतो. पण शाळेने दिलेलं क्रोमबुक असेल तर तो भाग शाळेने बहुतेक बंद ठेवलेला असतो आणि घरून तो चालू होत नाही. शिवाय प्रत्येक क्रोमबुकला अपडेट बंद होण्याची तारीख ठरलेली असते, ती त्या मॉडेलच्या वयावरून मोजतात, तुम्ही कधी घेतलं त्यावरून नाही. म्हणजे दुकानात नवंकोरं खोक्यात असलेलं जुनं मॉडेल घेतलं तर त्याची बरीच वर्षं आधीच संपलेली असू शकतात. ती तारीख बघितल्याशिवाय क्रोमबुक घेऊ नका.

आणि रोब्लॉक्स. मुलं म्हणतात "रोब्लॉक्समध्ये गेम बनवायचाय", पालक म्हणतात टॅबलेटवर तर रोब्लॉक्स चालतं की. खेळायला चालतं. बनवायला रोब्लॉक्स स्टुडिओ लागतो आणि तो विंडोज आणि मॅकवरच चालतो. क्रोमबुक नाही, टॅबलेट नाही. यावर घराघरात रडारड झालेली आहे.

टॅबलेटला कीबोर्ड लावून भागेल का? स्क्रॅचपर्यंत भागेल. पायथन सुरू झालं, फाइली-फोल्डर आले, एरर वाचायची वेळ आली की नाही भागणार. फाइल कुठे सेव्ह होते हे कळणं हा शिकण्याचाच भाग आहे आणि टॅबलेट नेमकं तेच लपवून ठेवतो.

टप्पा ४: आकडे, पण याच क्रमाने

जाहिरातीत प्रोसेसरचं नाव सगळ्यात मोठ्या अक्षरात असतं. तुम्ही त्याच्याकडे सगळ्यात शेवटी बघा.

*आधी रॅम.* ८ जीबीच्या खाली नवीन मशीन घेऊ नका. विंडोज ११ ची अधिकृत किमान अट ४ जीबी आहे हे खरं, पण ती फक्त विंडोज सुरू होण्यापुरती, त्यावर ब्राउझरचे पाच टॅब उघडले की संपलं. अँड्रॉइड स्टुडिओ किंवा थ्रीडी गेम इंजिन कागदावर असेल तर १६ घ्या. अँड्रॉइड स्टुडिओ ८ वर सुरू होईल, पण त्यातला इम्युलेटर (पडद्यावरचा नकली फोन) चालू केला की मशीन गुडघे टेकतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे रॅम नंतर वाढवता येते का. आजकाल बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये ती मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते आणि स्लॉट नसतो. "नंतर वाढवू" असं ठरवून ४ किंवा ८ घेता आणि नंतर कळतं की जागाच नाही. विकणाऱ्याला थेट विचारा: रॅमचा रिकामा स्लॉट आहे का? "हो वाढते वाढते" असं मोघम उत्तर आलं तर कंपनीच्या साइटवर त्या पूर्ण मॉडेल नंबरचं पान उघडून स्वतः वाचा.

*मग डिस्क.* २५६ जीबी एसएसडी पुरे. फसवणारा प्रकार म्हणजे ६४ जीबी ईएमएमसी. स्वस्त छोट्या लॅपटॉपमध्ये हेच असतं, त्यावर 'फ्लॅश स्टोरेज' असं गोंडस नाव छापलेलं असतं. ईएमएमसी एसएसडीपेक्षा हळू असतं, बहुधा बोर्डवर चिकटवलेलं असल्याने बदलता येत नाही, आणि ६४ मध्ये विंडोज आणि तिचे अपडेट बसल्यावर जी जागा उरते त्यात दोन-तीन सॉफ्टवेअर टाकली की लाल पट्टी. विंडोजसाठी असलं मशीन अजिबात घेऊ नका.

*मग स्क्रीन.* १९२० बाय १०८० हवी. १३६६ बाय ७६८ वाल्या स्क्रीनवर स्क्रॅचमध्ये डावीकडे ब्लॉकची यादी आणि उजवीकडे स्टेज बसला की मधे कोड लिहायला चिंचोळी पट्टी उरते, मूल सारखं सरकवत बसतं. पायथनमध्ये तर खालची एरर दिसावी म्हणून वरचा कोड झाकावा लागतो. माप १४ इंच चांगलं. ११ इंची मशीन दिसायला गोड, वापरायला त्रास. आयपीएस पॅनेल असेल तर शेजारी बसून तुम्हालाही नीट दिसतं, आणि शेजारी तुम्हाला बसावंच लागणार आहे.

*मग कीबोर्ड.* प्रत्यक्ष हात लावून बघा, जमल्यास मुलाचा हात. कोडिंगमध्ये महिरपी कंस, चौकोनी कंस, सेमीकोलन, अंडरस्कोर या चिन्हांचा मारा असतो आणि छोट्या लॅपटॉपमध्ये नेमक्या याच कडेच्या की अरुंद केलेल्या असतात. बाणाच्या की सुद्धा बघा, वर-खाली मिळून एकाच कीएवढ्या केल्या असतील तर कोडमध्ये ओळ बदलताना चुकतंच.

*आता प्रोसेसर.* आय३, आय५, आय७ एवढंच बघून ठरवू नका, त्यापुढचा नंबर बघा. आय७-४६००यू म्हणजे चौथी जनरेशन, दोनच कोर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग), विंडोज ११ च्या यादीत नाही. आय३-१२१५यू म्हणजे बारावी जनरेशन, सहा कोर, आणि तो मुलाच्या सगळ्या कामांना पुरून उरतो. म्हणजे इथे आय३ आय७ ला सहज मागे टाकतो. हे झालं इंटेलचं, एएमडी या दुसऱ्या कंपनीचं अजून गमतीशीर आहे. रायझन ७००० वाल्या लॅपटॉप प्रोसेसरमध्ये तिसरा आकडा बघायचा, तो आतली रचना कुठली ते सांगतो. ७५२०यू मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे आत झेन २, २०१९ ची रचना. ७५३०यू मध्ये ३. नावं जवळजवळ सारखी. ७५२०यू वाईट आहे असं नाही, स्क्रॅच-पायथनला चालतो, पण नव्या पिढीचा म्हणून जास्त पैसे देऊ नका.

स्वस्तातलं बघत असाल तर इंटेल एन१०० चार कोरचा आहे, सुरुवातीला पुरतो. सेलेरॉन एन४०२० दोन कोरचा, तो टाळा.

*ग्राफिक्स कार्ड:* लागत नाही. पुढचा आकडा.

"पण एआय शिकायचंय ना त्याला!" सुरुवातीचं सगळं ब्राउझरमधल्या गूगल कोलॅबवर होतं, तिथे कोड गूगलच्या मशीनवर चालतो, तुमच्या नाही. गेमिंग लॅपटॉप घेतला तर त्यावर काय होणार हे तुम्हालाही माहीत आहे आणि मुलाला तर नक्कीच माहीत आहे.

*तपासा:* कागदाच्या मागे लिहा: रॅम किती आणि वाढते का, एसएसडी किती, स्क्रीनचं रिझोल्युशन, प्रोसेसरचा पूर्ण नंबर. यातलं काहीही रिकामं असताना पैसे द्यायचे नाहीत.

टप्पा ५: लॅपटॉप, डेस्कटॉप की रास्पबेरी पाय

मूल क्लासला मशीन घेऊन जाणार असेल तर लॅपटॉप, विषय संपला. घरातच वापरणार असेल तर डेस्कटॉपचा गंभीरपणे विचार करा. मोठी स्क्रीन, खरा कीबोर्ड, बिघडलं तर एकेक भाग बदलता येतो, आणि बैठकीच्या खोलीत ठेवला की मूल काय करतंय ते वेगळं विचारावं लागत नाही. वापरलेला छोटा ऑफिसवाला डेस्कटॉप आणि एक बरा मॉनिटर ही जोडी मला सगळ्यात पटते.

रास्पबेरी पाय हा छोटासा कॉम्प्युटर आकर्षक आहे, विशेषतः ४०० आणि ५००, ज्यात अख्खा कॉम्प्युटर कीबोर्डच्या आत असतो. सेन्सर, एलईडी, मोटर जोडून खेळायचं असेल तर त्याच्या ४० पिनांना तोड नाही. पण लोक नुसता पाय विकत घेतात आणि घरी येऊन अडकतात. त्याला मॉनिटर लागतो, योग्य पॉवर सप्लाय लागतो (मोबाईलचा कुठलाही चार्जर चालेलच असं नाही), एसडी कार्ड लागतं आणि नेमकी विसरली जाणारी गोष्ट म्हणजे केबल. याच्यावर मायक्रो एचडीएमआय पोर्ट आहे, नेहमीची एचडीएमआय केबल त्यात शिरत नाही. आणि तुम्हाला स्वतःला थोडं फार खटपट करायची आवड नसेल तर घरातला एकमेव कॉम्प्युटर म्हणून पाय घेऊ नका.

टप्पा ६: वापरलेलं घेत असाल तर पैसे द्यायच्या आधी

ऑफिसमधून बाहेर पडलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक असले लॅपटॉप मुलांसाठी फार चांगले, मजबूत असतात, कीबोर्ड उत्तम आणि बऱ्याच मॉडेलमध्ये रॅम-डिस्क बदलता येते (तरी मॉडेल बघून घ्या, पातळ मॉडेलमध्ये यांच्याकडेही सोल्डर केलेली असते). पण तपासणी क्रमाने करा आणि समोर बसून करा.

१. मशीन पूर्ण बंद करून चालू करा आणि बायोस (विंडोज सुरू व्हायच्या आधीची मशीनची सेटिंग) उघडा. पासवर्ड मागितला तर तिथेच थांबा. "तो नंतर काढून देतो" हे ऐकायचं नाही.

२. विंडोज रीसेट करून नव्याने सुरू करायला लावा, इंटरनेट जोडून. कंपनीच्या नावाचं लॉगिन पान आलं तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या ताब्यात आहे. मॅक असेल तर ॲक्टिव्हेशन लॉक (जुन्या मालकाच्या ॲपल अकाउंटचं कुलूप) निघालंय ना ते बघा. हे दोन्ही तुम्हाला घरी काढता येत नाही.

३. बॅटरी. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट, हे सगळं इंग्रजीत टाइप करा. एक फाइल तयार होते, तिच्यात 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नवीन बॅटरीचा खर्च भावात धरा.

४. नोटपॅड उघडून प्रत्येक की दाबा. प्रत्येक. कंटाळवाणं आहे पण करा.

५. सगळ्या यूएसबी पोर्टमध्ये पेन ड्राइव्ह घालून बघा. पुढे मायक्रोबिट किंवा आर्डुइनोसारखा बोर्ड जोडायचा असेल तर ढिलं पोर्ट म्हणजे कायमची कटकट, मूल कोडमधली चूक शोधत बसतं आणि चूक वायरमध्ये असते.

६. बिजागरी. झाकण अर्ध्यावर सोडा, आपोआप पडता कामा नये.

नवीन घेतानाही एक तपासणी लागू आहे. एकाच नावाचे लॅपटॉप चार वेगवेगळ्या अंतर्भागांसह विकले जातात, त्यामुळे खोक्यावरचा पूर्ण मॉडेल नंबर आणि कागदामागचे आकडे जुळवा. बिल झाल्यावर नाही, आधी.

टप्पा ७: घरी आणल्यावर, मुलाच्या हातात द्यायच्या आधी

इथे निम्मे लोक कॉम्प्युटर उघडून थेट मुलाला देतात आणि पुढचा महिना विचित्र एरर सोडवण्यात जातो. एक संध्याकाळ काढा.

१. अकाउंट बनवताना नाव इंग्रजी अक्षरांत आणि मधे जागा न सोडता द्या. कौतुकाने मुलाचं नाव देवनागरीत टाकलं तर विंडोज त्याच नावाचं फोल्डर बनवू शकते, आणि सी प्लस प्लसची किंवा अँड्रॉइडची काही साधनं असल्या फोल्डरच्या वाटेवर अडखळतात. दिसणारं नाव नंतर बदलता येतं, फोल्डरचं नाव बदलणं मात्र डोकेदुखी आहे.

२. तुमचं अकाउंट ॲडमिन, मुलाचं स्टँडर्ड. एकच अकाउंट दोघांनी वापरू नका.

३. विंडोज 'एस मोड' मध्ये आहे का बघा. असेल तर फक्त स्टोअरमधली ॲप चालतात. त्यातून बाहेर पडणं फुकट आहे, स्टोअरमधूनच होतं, पण परत आत जाता येत नाही.

४. सगळे अपडेट होऊ द्या. रीस्टार्ट, परत अपडेट, जोपर्यंत काही उरत नाही तोपर्यंत.

५. फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, शो, मग 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा. हे बंद असलं की मूल नोटपॅडमध्ये लिहून 'खेळ डॉट पीवाय' म्हणून सेव्ह करतं आणि प्रत्यक्षात ती 'खेळ डॉट पीवाय डॉट टीएक्सटी' होते, चालतच नाही, आणि पडद्यावर तर नाव बरोबर दिसतंय.

६. पायथनसाठी थॉनी (नवशिक्यांसाठीचं कोड लिहायचं सॉफ्टवेअर) टाका. त्याच्यासोबत पायथन येतंच, वेगळं इन्स्टॉल करायला लागत नाही, पाथ वगैरेच्या भानगडी नाहीत. व्हीएस कोड चांगलं आहे, नंतर येऊ द्या, पहिल्याच दिवशी नवशिक्याला तिथली बटणं आणि सूचना बघून घाबरायला होतं.

७. कोडसाठी एक वेगळं फोल्डर, आणि त्याचा बॅकअप पेन ड्राइव्हवर किंवा क्लाउडवर. मुलाने केलेला पहिला खेळ उडाला तर समजूत घालता घालता नाकी नऊ येतात.

आता एक छोटा प्रोग्राम स्वतः चालवून बघा. पायथनमधलं टर्टल (पडद्यावर रेघा काढणारा भाग) घ्या, चौकोन काढा. आणि ती फाइल 'टर्टल डॉट पीवाय' या नावाने मुद्दाम सेव्ह करून बघा. चालणार नाही, कारण 'इम्पोर्ट टर्टल' म्हटल्यावर पायथन खऱ्या टर्टलऐवजी तुमचीच फाइल उचलतं आणि टर्टलमध्ये अमुक नाहीच असं म्हणतं. जवळपास प्रत्येक मूल ही चूक करतं, 'रँडम डॉट पीवाय' चं पण तेच. फाइलचं नाव 'चौकोन' करा, तेही इंग्रजी अक्षरांत, की चालतं. ही एरर तुम्ही एकदा डोळ्यांनी बघितलेली असली की मूल "कॉम्प्युटर बिघडलाय" म्हणत आलं तेव्हा तुम्ही दुकानात फोन लावणार नाही.

कीबोर्ड मराठीवर राहिलाय का हेही बघायला शिकवा. पायथन देवनागरीतली व्हेरिएबलची नावं चालवून घेतं, पण कोडमध्ये ५ हा आकडा देवनागरीत लिहिला की एरर. चॅटमधून किंवा वर्डमधून कोड कॉपी केला की अवतरणचिन्हं वाकडी येतात, त्यानेही अडतं.

*तपासा:* मुलाच्या अकाउंटमध्ये लॉगिन करून (तुमच्या नाही) स्क्रॅच उघडतं, थॉनीमध्ये चौकोन निघतो, फाइल ठरलेल्या फोल्डरमध्ये सापडते, एवढं झालं की द्या हातात.

मशीन कमी पडतंय असं वाटलं तर

काही महिन्यांनी "हा स्लो आहे, नवीन घ्या" ऐकू येईलच. तेव्हा मूल काम करत असताना शेजारी टास्क मॅनेजर उघडा. मेमरी सतत ९० च्या वर असेल तर रॅम वाढवा. डिस्क १०० वर चिकटली असेल आणि ती एचडीडी असेल तर एसएसडी घाला, रॅम भरल्यामुळे पण डिस्कवर ताण येतो म्हणून दोन्ही आकडे एकत्र बघा. प्रोसेसर १०० वर असेल तर आधी मुलाचा कोड बघा, एखादा 'व्हाइल' लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड) थांबायची अट न घालता सोडलेला असतो आणि नवा कॉम्प्युटर आणला तरी तो तिथेही तसाच गरगरत राहील. आणि तिन्ही आकडे खाली असताना स्लो वाटत असेल तर वायफाय तपासा.